वरातीची खालची मर्यादा

१० मार्च १९६३, डोणगाव

आज टेंभीखेडला जाऊन मुलगी पाहून आलो. ही तिसरी. आधीच्या दोन ठिकाणांहून नकार आला. कारण कोणी कळवलं नाही, पण बाबांचं म्हणणं असं की मुलीला दोन शब्द विचारायचे असतात, तिचा पेपर काढायचा नसतो. मी गणिताचा मास्तर. मी दुसरं काय विचारणार? स्वयंपाक येतो का म्हटलं तर सगळ्याच हो म्हणतात. त्यातून काय कळतं?

सोबत बाबा आणि मोठे बाबा होते. मोठे बाबा म्हणजे जानराव, बाबांचे थोरले भाऊ. आमच्या घरात लग्नकार्याचं पान त्यांच्याशिवाय हलत नाही. मुलीचे वडील भगवंतराव विहिरीवर भाजीपाला आणि मिरची करतात. बोलणं कमी, हसणं जास्त. मुलीचं नाव कोकिळा, मॅट्रिक झाली आहे. पोहे चांगले होते. पोहे संपल्यावर मी विचारलं, अगदी सातवीतला प्रश्न: बंडी ताशी तीन मैल चालते, गाव आठ मैलांवर आहे, तर पोचायला किती वेळ लागेल?

मोठ्या बाबांनी कपाळाला हात लावला.

मुलीनं मान वर केली. "बंडी भरली हाये का रिकामी?"

मी म्हटलं, तसं प्रश्नात दिलेलं नाही.

"बैल घरून निघाले का घराकडं चालले?"

तेही दिलेलं नाही.

"मंग दोन घंटे ते साडेतीन घंटे," ती म्हणाली. "याच्याहून नेमकं कोनी सांगतलं तं थो कधी बंडीत बसला नसंन."

उत्तर दोन तास चाळीस मिनिटं आहे. मी तसं सांगितलं. ती "असंन" म्हणाली आणि बशा उचलून आत गेली.

उद्धट वाटली. गणितही कच्चं. घरी येताना बाबांना होकार कळवायला सांगितलं.

१३ मार्च

नववीला आसन्न किमती शिकवल्या. अंतर जवळच्या पूर्ण मैलात 'आठ' सांगितलं, तर ते खरं म्हणजे साडेसात ते साडेआठ यांच्यामध्ये कुठेही असू शकतं. साडेसात ही खालची मर्यादा, साडेआठ ही वरची. ताशी तीन मैल म्हणजेसुद्धा अडीच ते साडेतीन. आता सर्वांत जास्त वेळ कधी लागेल? अंतर मोठ्यात मोठं आणि वेग लहानात लहान असेल तेव्हा. साडेआठ भागिले अडीच, तीन तास चोवीस मिनिटं. सर्वांत कमी वेळ, साडेसात भागिले साडेतीन, दोन तास नऊ मिनिटं.

फळ्यावर हे लिहून मागे सरलो आणि खडू हातात तसाच राहिला. दोन तास ते साडेतीन तास! वर्गाला वाटलं माझं काही चुकलं. मी गणित पुन्हा करून पाहिलं, तेच आलं.

योगायोग असावा. टेंभीखेडहून निरोप आला का म्हणून बाबांना दोनदा विचारलं.

१७ मार्च

भगवंतराव बोलणीला आले. म्हणाले, "बाकी सारं तुम्ही म्हनान तसं. पोरीची येकच अट हाये. वरात मुहूर्ताच्या आंदी वेशीत पाहिजे. मुहूर्त टळला तं थे उभी राहनार नाई."

दोन वर्षांपूर्वी कोकिळाचं लग्न ठरलं होतं. मांडव पडला, हळद लागली. नवरदेवाकडची मंडळी रिवाजाप्रमाणे उशिरा निघाली, वाटेत दोनदा रुसली, मुहूर्त टळल्यावर वेशीवर पोचली आणि घोडा का आणला नाही म्हणून तिथेच बसली. शब्दानं शब्द वाढला. वरात आली तशी परत गेली आणि ही हळदीच्या अंगानं आत बसून राहिली. भगवंतराव हे सांगताना हसत होते, पण ते हसणं मला बघवलं नाही. मला त्या माणसांचा राग आला. मी त्यांना ओळखतही नाही.

मोठे बाबा मात्र अटीवर बिथरले. "येळेवर पाहुने जातात, वरात नाई! वरातीनं वाट पाहाले लावली पाहिजे. हे लवकर पोचलं तं लोक काय म्हनतीन? पोट्ट्याले कोनी पोरगी देत नव्हतं म्हनून धावत आलं."

हे तितकंसं खोटं नाही. आमच्या गावची एकही वरात आजवर मुहूर्ताआधी पोचलेली नाही आणि गावाला त्याचा अभिमान आहे. मी म्हटलं, मला अट मंजूर आहे. वेळ पाळणं हाच माझा धंदा आहे. लग्न १६ मेचं ठरलं, गोरज मुहूर्त, सायंकाळी सहा बावन्न.

आता आधी अंतर नक्की करायला हवं.

२४ मार्च

टेंभीखेड किती दूर म्हणून विचारलं तर कोणी चार कोस म्हणतो, कोणी पाच. एका म्हाताऱ्यानं दोन चिलमींची वाट सांगितली. शेवटी सायकलच्या मागच्या चाकाला लाल चिंधी बांधली. चाकाचे सातशे वीस फेरे म्हणजे एक मैल. मोजत निघालो.

दोन मैल झकास गेले. मग एका विद्यार्थ्याचे वडील भेटले. "राम राम मास्तर, कुठं?" राम राम म्हणेपर्यंत आकडा गेला. अंदाजानं पुढचा धरला. असे सहा राम राम झाले. नाल्यात सायकल खांद्यावर घ्यावी लागली, तेव्हा चाक फिरलंच नाही. पुढे एक पंक्चर. सगळं मिळून आठ मैल लिहितो, पण खरं अंतर साडेसात आणि साडेआठ यांच्यामध्ये कुठेतरी आहे. याहून नेमकं सांगणारा सायकलवर बसलेला नसेल.

लग्नाआधी नवरदेवानं सासुरवाडीत पाय ठेवू नये, म्हणून वेशीच्या अलीकडच्या बाभळीपासून परत फिरलो. भगवंतरावांची वाडी तिथेच रस्त्याला लागून आहे. कोकिळा वांगी तोडत होती. माझ्या चाकाकडे पाहून म्हणाली, "चिंधी सुटून राह्यली."

खरंच सुटत होती. घट्ट बांधली आणि परतलो.

३१ मार्च

पुन्हा मोजलं. एकदाच घेतलेल्या मापावर विसंबणं बरं नव्हे. यंदा वांग्यांचा हंगाम मोठा दिसतो, कोकिळा आजही रस्त्याच्या कडेलाच होती.

"किती आलं?"

मी दोन्ही मर्यादा सांगितल्या.

"मंग येळेवर पोचाचं असंन तं कोनती धराची?"

मी सायकल बाभळीला टेकवून समजावलं. वाट लांबात लांब धरायची, बैल हळूत हळू धरायचे. मी भागाकार सुरू करतोय तोच ती म्हणाली, "तीन घंटे चोवीस मिनिटं." पाटी नाही, कागद नाही, हातात वांग्यांची टोपली! मग तिनं मला एक काकडी दिली. काकडी कोवळी होती. परत येताना अर्ध्या वाटेपर्यंत मी चिंधीकडे पाहिलंच नाही, त्यामुळे परतीचं माप वाया गेलं.

तिचं गणित तितकंसं कच्चं नसावं.

घरी आलो तर अंगणात गर्दी. मोठ्या बाबांनी टेंभीखेडच्या माणिकरावांकडून पांढऱ्या बैलांची जोडी विकत आणली आहे. मुलगी पाहायला गेलो तेव्हाच ती त्यांच्या मनात भरली होती. जोडी देखणी आहे. फक्त बांधलं की दोघेही एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात, मोठे बाबा म्हणतात वळण चांगलं आहे.

२१ एप्रिल

आज चौथ्यांदा मोजायला निघालो तेव्हा आई ओसरीवर गहू निवडत होती. म्हणाली, "रस्ता काय रोज वाढून राह्यला का बे?"

मी तिला समजावलं की जितकी जास्त मापं, तितकी चूक कमी. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

वांगी आता संपली आहेत. कोकिळा एका मोकळ्या वाफ्यात खुरपत होती. काय लावलंय म्हणून विचारलं तर म्हणाली, "काईच नाई." वाफ्यात काही नसताना निंदण कसलं करतात, हे शेती करणाऱ्यांनाच माहीत. बराच वेळ बोललो. नाल्यातली वाट बंडीला किती जड जाते, ते तिनं नीट सांगितलं. फार उपयोगी माहिती मिळाली.

२८ एप्रिल

वाटचाल कळली, पण थांबणं? ते मोजायला आज शेजारच्या वरातीत मुद्दाम गेलो. घड्याळ खिशात ठेवून चोरून पाहत होतो.

चहा, चिलीम, मुंडावळ्या घरी राहिल्या म्हणून मागे धाडलेला माणूस, पुढच्या बंडीत जागा दिली नाही म्हणून एक रुसवा, आणि पहिल्या रुसव्याची समजूत नीट काढली नाही म्हणून त्याच माणसाचा दुसरा रुसवा. प्रत्येक वेळी "पाच मिनिटं, पाच मिनिटं." त्यातली सर्वांत लहान पाच मिनिटं बारा मिनिटांची भरली, सर्वांत मोठी चाळीस. एकंदर थांबणं अडीच तासांच्या वर गेलं. बैल बिचारे कुठेच चुकले नव्हते, चुकत होती ती बंडीतली माणसं. आमच्याकडे मोठे बाबा आहेत, तेव्हा मी तीन तास धरणार आहे.

९ मे

घरात सर्वांना बसवून बेत सांगितला. चालण्याचे जास्तीत जास्त तीन तास चोवीस मिनिटं, थांबण्याचे तीन तास. पाचच्या आत वेशीवर पोचायचं तर साडेदहाला निघायला हवं. मी दहा सांगितलं. जेवण नाल्याकाठच्या आमराईत, सावलीला.

"वैशाखात भर उन्हाचं वऱ्हाड हाकलनार का?" मोठे बाबा उठूनच उभे राहिले. "मी येत नाई. जा तुम्ही तुमचं गनित घेऊन."

बाबा शांत माणूस आहेत. ते म्हणाले, "दादा, तुमची पांढरी जोडी पहिल्या दमणीले जुपाची म्हनत होतो. नवरदेव अन् तुम्ही त्याच दमणीत. आता तुम्ही येत नाई म्हनता तं..."

मोठे बाबा बसले. जरा वेळानं म्हणाले, "त्या दमणीचे घुंगरं घासाले सांगा."

बेताच्या कागदावर सवयीनं कमीत कमी वेळही काढला होता, दोन तास नऊ मिनिटं. तो खोडून टाकला. लवकर पोचून कोणाचं काय बिघडतं? खालच्या मर्यादेशी आपल्याला काही देणंघेणं नाही.

१५ मे

हळद लागली. पाट पिवळा, मी पिवळा, गंजीफ्रॉक पिवळा. बायका गाणी म्हणतायत आणि मी परसात येऊन हे लिहितोय.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मला भीती वाटते आहे. चाक तुटलं तर? कोणाला ऊन लागलं तर? मोठे बाबा नाल्यातच बसून राहिले तर? हे सगळं मी धरलं आहे, तरी न धरलेलं काहीतरी असतंच. मुहूर्त टळला तर ती उभी राहणार नाही आणि तिचं काही चुकणारही नाही. दुसऱ्यांदा तिला कोणी तसं बसवलं आणि तो माणूस मी असलो, तर मला ते सहन होणार नाही. आणि तेवढंच नाही. मला हे लग्न व्हायला हवं आहे. दुसऱ्या कोणत्याही मुलीशी नाही, हिच्याशीच. हे कधी ठरलं ते मला सांगता येत नाही. पहिल्या आणि चौथ्या मापाच्या मध्ये केव्हातरी.

१७ मे, टेंभीखेड

काय झालं ते क्रमानं लिहिलं नाही तर पुढे माझाच विश्वास बसणार नाही.

मी सर्वांना दहा सांगितले होते. बाबांना आपली माणसं माहीत, म्हणून त्यांनी भाऊबंदांना नऊ सांगितले. आईनं बायकांना आठ सांगितले. एकमेकांना कोणीच काही बोललं नाही. काल सकाळी मी न्हाणीत होतो तोच दारावर थापा पडल्या, "मास्तर, सारं वऱ्हाड तयार हाये, नवरदेवच बाकी हाये!" साडेआठला बंड्या निघाल्यासुद्धा.

गावाबाहेर पडेपर्यंत पांढरी जोडी गुमान चालत होती. टेंभीखेडच्या वाटेला लागलो आणि दोघांनी कान टवकारले. मग जी दौड मारली म्हणता! मोठ्या बाबांनी कासरे ओढले, आरडाओरडा केला, फेटा सुटून गळ्यात आला. मागच्या बंड्यांचे बैल पुढच्याचं पाहून उधळले. मागून बायका किंचाळत होत्या आणि किंचाळता किंचाळता हसत होत्या. नाल्यात पाणी घोटाभर, पांढरे तसेच पार झाले. आमराई आली, आमराई गेली. जेवणाची बंडी पाठोपाठ होती, तिच्यातून फेकलेल्या पुऱ्या लोकांनी धावत्या बंड्यांत झेलल्या. एकही चहा झाला नाही. रुसायला कोणाला उसंतच मिळाली नाही.

ही जोडी याच गावची. माझ्या सगळ्या आकडेमोडीत बैलांचं माहेर कुठेच धरलेलं नव्हतं.

दमणी वेशीवर थांबली नाही. मांडवासमोर थांबली नाही. शिडीवर उभे राहून आंब्याचे डहाळे बांधणारे भगवंतराव बनियनवर होते, त्यांनी मान वळवेपर्यंत आम्ही पुढे गेलो आणि माणिकरावांच्या गोठ्याच्या दारात जाऊन उभे राहिलो. माणिकराव कडबा टाकत होते. त्यांनी बाशिंग बांधलेल्या मला पाहिलं, फेटा सुटलेल्या मोठ्या बाबांना पाहिलं आणि विचारलं, "परत कराले आले का बैल?"

मी घड्याळ पाहिलं. साडेदहाही वाजले नव्हते. मी खोडून टाकलेल्या दोन तास नऊ मिनिटांच्याही आत आलो होतो. मुहूर्त संध्याकाळी सहा बावन्नचा!

मांडव अर्धा होता, चुली पेटायच्या होत्या, वाजंत्री अजून त्यांच्या गावीच होते. स्वागताला कोणी नाही म्हटल्यावर मोठ्या बाबांचा चेहरा बदलला. ते पायी वेशीवर गेले आणि निंबाखाली बसले. "वाजा नाई, पानी नाई. नवरदेवाले गोठ्यात उतरवलं. बंड्या फिरवा."

दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, याच वेशीवर. मी धावत जाऊन त्यांना सांगू लागलो की चूक यजमानांची नाही, आपण वरची मर्यादा धरली आणि खालची सोडली. ते म्हणाले, "आता तं मी उठतच नाई." भगवंतराव हात जोडून उभे होते, त्यांच्या तोंडचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

तेवढ्यात कोकिळा आली. नवरीनं मांडवातून वेशीवर यायचं नसतं, बायका मागून हाका मारत होत्या. अंगाला हळद, हातात पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा. तिनं मोठ्या बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मोठे बाबा, मागच्या खेपेस मी वाट पाहू पाहू थकली होती," ती म्हणाली. "तुम्ही मले वाट पाहाले लावलीच नाई. या गावात अशी वरात कोनाचीच आली नाई."

मोठ्या बाबांनी गुळाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं.

"अन् मांडवाचा येक खांब तिरपा हाये," ती हळूच म्हणाली. "आमच्या इकडं कोनाले समजत नाई त्यातलं."

"कोनता खांब?" मोठे बाबा म्हणाले.

पाणी पिऊन ते तडक मांडवात गेले. एक खांब नव्हे, त्यांच्या मते सगळेच तिरपे होते. त्यांनी अख्खा मांडव उतरवला आणि नव्यानं उभा करायला घेतला. मग काय विचारता! आमचं वऱ्हाड खड्डे खणतंय, त्यांचे पाहुणे बल्ल्या धरतायत, आई आणि माझ्या होणाऱ्या सासूबाई रुक्मिणीबाई एका परातीत कणीक मळतायत आणि आपापल्या नवऱ्यांच्या तक्रारी सांगतायत. मी बाशिंग खुंटीला लावून तोरणं ओवत बसलो. कोकिळा पानं आणून देत होती. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची नावं पाठ झाली. रुसवा कोणावर धरणार, ज्याच्यावर धरायचा तोच शिडी धरून उभा!

आता यातली गंमत अशी की हातात आठ तास असल्यामुळे कोणालाच घाई नव्हती. पावणेसात वाजले तेव्हा मांडवाचा एक कोपरा उघडा, मोठे बाबा शिडीवर, माझ्या अंगात आंब्याच्या चिकानं माखलेला सदरा, आणि भटजी कपाळ बडवून ओरडतायत, "अहो, नवरदेव कुठं हाये?" मी पळत जाऊन कोरा सदरा उलटा घातला. बाबांनी मुंडावळी एका बाजूनं बांधली, दुसरी बाजू मी हातानं धरली. अंतरपाट धरला गेला तेव्हा घड्याळात सहा एक्कावन्न.

अंतरपाटाच्या पलीकडून हसण्याचा आवाज येत होता. नवरीनं मंगलाष्टकांत हसू नये म्हणतात. मीही हसत होतो.

१८ मे, डोणगाव

काल भर दुपारीच टेंभीखेडहून निघालो आणि दिवस बुडता बुडता घरी पोचलो. पांढरे बैल चार पावलं टाकायचे, थांबायचे, मागे वळून पाहायचे. जड वाहन ओढावं तशी त्यांनी दमणी ओढली. साडेआठ मैल आणि ताशी अडीच धरूनही जो वेळ येतो, त्याच्या कितीतरी वर वेळ गेला. नेमका किती ते सांगता येत नाही. मी घड्याळाला किल्ली द्यायची विसरलो होतो आणि ते मला फार उशिरा कळलं.

मोठे बाबा पुढे बसून बैलांशी बोलत होते, मागे आम्ही दोघं. शेवटी मनात होतं तेच विचारलं.

"मुहूर्त टळला असता तं?"

"थांबली असती," कोकिळा म्हणाली.

"मंग अट कायले घातली?"

"अट घातली तवा तुमाले वळखत नव्हती. मंग तुम्ही रस्ता मोजाले येऊ लागले." ती समोरच्या वाटेकडे पाहत होती. "परवा हळद लागली तवा मी मनात ठरवलं, येवो कवाही."

एवढे दिवस मी मिनिटं वाचवत होतो आणि इथे ती सगळी मिनिटं मला आधीच माफ झालेली होती. मला आनंद झाला, असं लिहिलं तर फार कमी लिहिल्यासारखं होईल. तरी मास्तरच मी, विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"किती येळ थांबली असती?"

तोंडी हिशेब करताना तिच्या भुवया जवळ येतात, तशा आल्या.

"कमीत कमी इचारान तं सकाळपर्यंत," ती म्हणाली. "जास्तीत जास्त बी काढून पाह्यलं. थे काई निघालं नाई."

मी तिच्याकडे पाहिलं, ती माझ्याकडे. पुढून मोठे बाबा म्हणाले, "झालं, आलं डोणगाव," आणि खरंच झाडांच्या पलीकडे शाळेची कौलं दिसत होती. बैल आणखी हळू चालले असते तर बरं झालं असतं.